मोहावरचा चार नंबर

रेंगाटोला, आलापल्लीच्या पुढे,
शुक्रवार, शाळेची मधली सुट्टी

श्रीमान श्रावणराव साडूभाऊंना, बल्लारपूर मुक्कामी, गुणवंताचा हात जोडून नमस्कार. धुरपताताईंना दंडवत. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (डाव्याची चौकशी करत नाही, कारण काम सांगितल्यावर दुखतो तो उजवाच.) ताईंची शुगर आटोक्यात असेल अशी आशा करतो. इकडे तुमच्या मेहुणीची, भागीरथाची, तब्येत ठणठणीत आहे आणि आवाज तब्येतीहून ठणठणीत आहे. मी मात्र बरा नाही. मला ग्रामसभेनं उभं केलं, साडूभाऊ! चौतीस वर्षं ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या स्विचयार्डमध्ये काढून, एकही मेमो न घेता निवृत्त झालेला हा माणूस, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, बसलेल्या साठ माणसांसमोर आरोपी म्हणून उभा राहिला. आणि या सगळ्याला कारण तुम्ही. फोनवरच झाडलं असतं तुम्हाला, पण इथं रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्यावरच येते, आणि टाकीवर चढून भांडणं या वयात बरं दिसत नाही. डिसेंबरात तुमच्या हाती जो कागद दिला होता त्याबद्दलही लिहायचं आहे, पण ते शेवटी.

लेकीकडून अमेरिकेहून येताना माणसं बदाम आणतात, चॉकलेट आणतात, गेलाबाजार एखादा टॉवेल तरी आणतात. तुम्ही आणल्यात प्लास्टिकच्या दोन थाळ्या. बल्लारपूरच्या फलाटावर उभं राहून तुम्ही मला समजावलंत की याला डिस्क गोल्फ म्हणतात, म्हणजे गोल्फच, पण चेंडूऐवजी ही चकती आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेली टोपली. जो कमी फेकींत टोपली गाठेल तो जिंकला. निळी ती मिडरेंज, नारिंगी ती फेअरवे ड्रायव्हर. (हे ऐकताना माझी गाडी निघून गेली, ते एक असो.) चकतीवर चार आकडे छापलेले असतात: वेग किती, तरंगते किती, सुरुवातीला उजवीकडे वळते किती आणि शेवटी डावीकडे ढळते किती. निळीचा वेग पाच, नारिंगीचा सात. तुम्ही नारिंगी हातात धरून म्हणालात, ही माझी. आणि निळी माझ्याकडे सरकवून म्हणालात, ही तुमच्यासाठी बरी, सरळ जाते, नवख्याला जमते. साडूभाऊ, आपल्या लग्नांपासून हेच चालू आहे. सासऱ्यांनी तुम्हाला नवी सायकल दिली आणि मला मनगटी घड्याळ, का तर तुम्ही लांब जाणारे आणि मी वेळेवर येणारा. पण फलाटावर तुम्ही उदार झालात आणि दोन्ही माझ्या पिशवीत टाकल्यात. मी त्याच क्षणी ठरवलं की माणूस म्हणून जगायचं तर सातवरच जगायचं.

इथं आमच्या दिव्यानीच्या शाळेच्या गावी येऊन मी धानकापणी झालेल्या मोकळ्या बांधीत दोन्ही फेकून पाहिल्या. धक्काच बसला. सात वेगाची नारिंगी माझ्या हातून सुटली, वीस पावलं बरी गेली, मग एकाएकी तिला काही आठवल्यासारखी डावीकडे वळली आणि इसरूच्या गोठ्याच्या छपरावर, कवेलूंवर जाऊन बसली. पुन्हा फेकली, पुन्हा गोठा. सहा वेळा फेकली, सहाही वेळा गोठा. (इसरू आमचा शेजारी. पहिल्या दोन वेळा त्यानं हसत शिडी दिली, तिसऱ्या वेळी नुसती शिडी दिली, त्यानंतर शिडी स्वतः शोधावी लागली.) तिची कड पातळ आणि धारदार, तिला हाताचा झटका हवा, तो तिला मिळाला नाही की ती रुसून डावीकडे पडते. निळीची कड जाड, बोथट. जवळच जाते, पण मान खाली घालून सरळ जाते आणि अलगद बसते. दिव्यानी म्हणाली, बाबा, आजूबाजूला झाडं आहेत, इथं निळीच कामाची. मी म्हटलं, वेग सात आहे, पाटीवर लिहिलंय. तुम्हाला ठाऊक आहे, मशीनच्या पाटीवर जे लिहिलंय त्यावर मी उभं आयुष्य काढलं.

आता ऐका मुख्य गोष्ट, आणि हसू नका, कारण यात आमच्या पोरीची चार वर्षांची कमाई जायची वेळ आली होती. शाळेच्या तेवीस मुलांना हा खेळ शिकवायचा असं मी मनाशी ठरवलं. टोपल्या नव्हत्या, म्हणून नऊ झाडं निवडली, झाडाला चकती लागली की झालं. पण कुठलं झाड पहिलं, कुठलं दुसरं? स्विचयार्डमध्ये आमच्याकडे प्रत्येक खांबाला नंबर, प्रत्येक ब्रेकरला नंबर, माझ्या डब्यालासुद्धा नंबर होता. नंबर नसलेली वस्तू मला दिसतच नाही. शाळेचं दार रंगवून उरलेला पिवळा ऑइलपेंट होता. रविवारी सगळं गाव आलापल्लीच्या बाजाराला गेलेलं असताना मी एकटा ब्रश घेऊन निघालो, आणि नऊ झाडांवर छातीच्या उंचीला पिवळा पट्टा ओढून त्यावर एक ते नऊ आकडे ठसठशीत काढले. त्यातली सहा झाडं मोहाची. सोमवारी मुलांना चकित करायचं म्हणून कुणाला बोललो नाही. संध्याकाळी हात धुताना स्वतःवर इतका खूश होतो की भागीरथाला तुमच्याबद्दल चार चांगले शब्द बोललो.

साडूभाऊ, जंगलातल्या माणसाला झाडावर छातीच्या उंचीला पट्टा आणि आकडा दिसला की त्याचा अर्थ एकच असतो: हे झाड तोडायचं आहे. हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. इथं मोहाचं एकेक झाड एकेका घराचं असतं. कागदावर नाही, पण आजोबांपासून ठरलेलं. फुलं पडायचे दिवस अगदी तोंडावर, बायकांनी झाडाखालची जागा झाडून लख्ख करून ठेवलेली, आणि बाजारातून येऊन बघतात तर मोहावर नंबर! त्यात मागच्याच आठवड्यात दिव्यानीनं मुलांना गणिताच्या तासाला मोहाची झाडं मोजून आणायला लावली होती. गावानं दोन आणि दोन चार केले. मॅडमनं यादी दिली, मॅडमच्या बापानं नंबर टाकले.

सोमवारी शाळेत एक बकरी आली. बाकी कुणी नाही. मंगळवारी बकरीही आली नाही. दिव्यानी दोन्ही दिवस हजेरी उघडून साडेचारपर्यंत बसली. भागीरथा मला जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही, आणि तसलं तुम्ही ताईंकडून ऐकतच असाल. पण दिव्यानीचं ते रिकामी हजेरी उघडून बसणं मला सहन होईना. मंगळवारी संध्याकाळी मी म्हटलं, अगं, नाहीतरी तुला या कोपऱ्यात फेकलंच होतं ना, होईल बदली. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मला कोणी फेकलं नव्हतं. हे गाव मी मागून घेतलं होतं. पोरं माझ्याजवळ बसायला एक वर्ष लागलं." चार वर्षं आम्ही दोघं नवराबायको ज्या पोरीसाठी हळहळत होतो, ती हळहळण्याच्या जागी नव्हतीच. आणि तिची ती जागा मी दोन ब्रशमध्ये रंगवून टाकली होती.

बुधवारी सकाळी शाळेच्या अंगणात ग्रामसभा. अध्यक्ष लच्छूभाऊ, वयानं माझ्याएवढेच, आवाज अगदी हळू (हळू आवाजाच्या माणसाची भीती जास्त वाटते). त्यांनी विचारलं, "बाबूजी, झाडाले नंबर काऊन टाकला? कोणं सांगतलं तुमाले?" मी सगळं सांगितलं. अमेरिका सांगितली, टोपली सांगितली, दोन्ही थाळ्या काढून दाखवल्या, तुमचं नाव पत्त्यासकट सांगितलं. साठ माणसांनी शांतपणे ऐकलं आणि एकानंही विश्वास ठेवला नाही. पांढऱ्या मिशांचा माणूस थाळ्या फेकून खेळतो आणि त्यासाठी झाडं रंगवतो, याच्यापेक्षा झाडतोड त्यांना जास्त पटण्यासारखी होती, आणि खरं सांगायचं तर मलाही. तेवढ्यात सोमारीबाई उठली. चार नंबरचा मोहा तिचा. "खेळ असन तं खेळून दाखवा ना," ती म्हणाली. "चार नंबर तो काय, समोरच हाय. लागला तं खेळ, नाई तं आमी समजू काय समजाचं ते."

चाळीस पावलांवर झाड. मागून भागीरथा कुजबुजली, निळी घ्या, निळी घ्या. दिव्यानी दाराशी उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले होते. आणि साडूभाऊ, त्या घडीला, पोरीची सगळी अब्रू एका फेकीवर असताना, माझ्या कानात कोण बोललं असेल? तुम्ही. नवख्याला जमते म्हणे! मी नारिंगी उचलली. जोरात फेकली. ती सरळ निघाली, मला वाटलं जिंकलो. मग तिला ते आठवलं. डावीकडे वळून ती थेट सभेच्या चहानं भरलेल्या भल्या मोठ्या गंजात पडली. साठ माणसांचा चहा. लच्छूभाऊंच्या धोतरावर अर्धा.

कोणी हसलं नाही. मग सोमारीबाई पुढे आली. तिनं गंजातून नारिंगी काढली, कडेवरून अंगठा फिरवला, बाजूला ठेवली. निळी घेतली, तिच्याही कडेवरून अंगठा फिरवला, आणि पाखडताना सुपाला देतात तेवढाच मनगटाचा हलका झटका दिला. निळी जमिनीपासून हातभर उंचीवरून सरळ, अगदी सरळ गेली आणि चारच्या आकड्यावर टण्णकन लागली. ती सभेकडे वळून म्हणाली, "खेळच हाय. हे नारिंगी पातय हाय, लय ताकद मांगते, बाबूजीच्या हातात नाई तेवढी. हे निळी जाड हाय. जिथी पाह्यलं तिथी जाते." तुम्ही फलाटावर माझी गाडी चुकवून जे समजावू शकला नाहीत, ते या बाईनं चार वाक्यांत सांगितलं. मग मात्र हसले, सगळे हसले, लच्छूभाऊ धोतर पिळता पिळता हसले.

पण हसले म्हणून सोडलं नाही. ऑइलपेंट खरवडला तर साल दुखावते, म्हणून नऊही झाडांवर मी स्वतःच्या हातानं शेणमातीचा लेप द्यायचा. दुसरं, या हंगामात रोज पहाटे सोमारीबाईच्या मोहाखाली मी फुलं वेचायची. (ज्या माणसानं निवृत्तीनंतर आठच्या आत डोळा उघडला नाही, त्याला ही शिक्षा!) तिसरं, निळी शाळेत राहील. गुरुवारी सकाळी मी लेपाची बादली घेऊन निघालो, तर समोरून पोरं येताना दिसली. मी मोजली, सवयच आहे. तेवीस. दिव्यानी हजेरी घेत होती आणि एकेका नावावर थोडी जास्तच थांबत होती. मी बादली ठेवून झाडाआड उभा राहिलो आणि जरा रडलो, हे भागीरथाला कळू देऊ नका.

ताईंना पुन्हा नमस्कार. गुडघ्याला करंजाचं तेल चोळा.

आपला सर्वस्वी आभारी नसलेला साडू,
गुणवंत

ता. क. – नारिंगी इसरूच्या गोठ्यावर आहे. काल सवयीनं एकदा फेकली. आता इसरू शिडीला कुलूप लावतो.

ता. क. दुसरा – अक्षय्य तृतीयेला तुम्ही इथं येऊन माझ्याशी सामना खेळणार होतात. अवश्य या, पण सामना सोमारीबाईशी होईल. येताना निळ्या, जाड कडेच्या सहा चकत्या लेकीकडून मागवून आणा. बायकांची मागणी आहे. सात वेगाचं काहीही आणू नका.

ता. क. तिसरा – तो डिसेंबरातला कागद. दिव्यानीच्या चंद्रपूरला बदलीचा अर्ज, तिची सही मीच केलेली, तुमच्या ओळखीनं पुढे सरकवा म्हणून दिला होता. सरकवला नसेल तर आजच फाडा. सरकवला असेल तर दुखऱ्या गुडघ्यानं धावत जाऊन परत आणा. आमची पोर पहिल्यापासून जिथं पाहिलं तिथं गेलेली आहे. शेवटी तिला डावीकडे वळवायला निघालो होतो ते आपण दोघं.