टपाल थांबवण्याचा अर्ज

सोमवार, ४ नोव्हेंबर

ताईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. "महिनाभर ये, मला दुसरं आहे कोण?" म्हणते. खरंच, कोण आहे! पण घर बंद ठेवून जायचं कसं? मी नाही आणि नेमकं तेव्हाच पत्र आलं तर?

चिरंजीवांना घर सोडून सहा वर्षं झाली. फोनवर त्याची जीभ अडखळते, म्हणून जाताना म्हणाला, "प-पत्र टाकीन, आई." ह्यांच्या तेच डोक्यात जायचं – "नीट बोल! पुरुषासारखा बोल!" शेवटचं भांडण त्यावरूनच. पत्र एकही नाही. फेब्रुवारीत हे गेले, ते कळवायला माझ्याकडे त्याचा पत्तासुद्धा नव्हता. एवढा कसा रे दगड झालास!

बुधवार, ६

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मी ठेवीन की तुमची पत्रं." ठेवतील. आधी वाचतील, गल्लीभर सांगतील, मग ठेवतील.

पोस्टमन म्हणाला, "मावशी, पोस्टातच अर्ज द्या. तुम्ही येईपर्यंत राखून ठेवतात." नवा आहे, पण बरा वाटला.

गुरुवार, ७

अर्ज आणला. खाली बारीक अक्षरात – तीस दिवसांत नेलं नाही तर पाठवणाऱ्याकडे परत. त्याचं पत्र परत गेलं तर त्याला वाटेल, आईनेच नाकारलं!

ताईला सांगितलं, अठ्ठावीस दिवस राहीन, वर एक दिवस नाही. रुसली. "तो कार्टा विचारतो का तुला?" असं बोलायला नको होतं तिने. रडले. मग भांडी घासली.

शुक्रवार, ८

बॅग भरली. उपसली. परत भरली.

शनिवार, ९

धड लिहवत नाही.

कारकुनाने अर्ज घेतला, रजिस्टर उघडलं, चष्मा वर केला. "बाई, ह्या पत्त्यावर एक अर्ज आधीच चालू आहे."

म्हटलं, "काहीतरी चुकतंय तुमचं."

त्याने कागद माझ्याकडे फिरवला. ह्यांचं अक्षर. ह्यांची सही. 'मुलाकडून आलेले टपाल घरी देऊ नये. मी स्वतः येऊन नेईन.' तारीख – तो गेला त्याच्या तिसऱ्या दिवसाची!

"दर शनिवारी यायचे," कारकून म्हणाला. "आम्ही टपाल लावतानाच ती बाजूला काढतो. पोस्टमनच्या हातात जातच नाहीत."

शनिवारी! आणि मी ह्यांच्या चहाचं आधण ठेवून वाट बघायचे! काय केलंत हो त्या पत्रांचं? फाडलीत? वाचलीत तरी का? मेलेल्या माणसाचा इतका राग येतो, हे मला माहीत नव्हतं.

"आणि फेब्रुवारीनंतर?" मी विचारलं.

त्याने मान खाली घातली. "तीन आली. न्यायला कुणी आलं नाही. परत गेली." मग रजिस्टरमधून पाठवणाऱ्याचा पत्ता उतरवून दिला. बसने तीन तास. सहा वर्षं माझं पोर तीन तासांवर होतं!

रविवार, १०

खोलीला कुलूप. मालकीणबाई म्हणाल्या, "तिसरं पाकीट परत आलं आणि आठवड्यात सोडली हो त्याने. नवा पत्ता दे म्हटलं, टपाल आलं तर पाठवीन. म्हणाला, नको. मला कु-कुणी लिहीत नाही."