कपाशीच्या धुऱ्यावर

मी, शकुन शेषराव गावंडे, वय सत्तेचाळीस, धंदा शेती, राहणार मौजे पिंपळशेंडा, तालुका मूर्तिजापूर, जिल्हा अकोला, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हे मृत्युपत्र करते. पुढच्या आठवड्यात अकोल्याला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, काळजी नको. म्हणूनच लिहायला बसले.

१. पतीच्या मागे माझ्या नावे झालेलं घर, काळी जमीन आणि बँकेतली शिल्लक मुलगी वर्षाली हिला. तिने त्यासाठी अमरावतीची नोकरी सोडू नये.

२. माझ्या मेंढ्या आणि लाल कुत्रा यांची ताटातूट करू नये. खतासाठी आमच्या शेतात मेंढ्या बसवणाऱ्या धनगरबाबांनी पिल्लू देताना बजावलं होतं, "याले मेंढ्यांतच खाऊ घाला. घरी भाकर देल्ली का हे घरचं झालं." मी ते पाळलं. धाकटी जाऊ जमुना रोज संध्याकाळी त्याला चुलीपाशी भाकर घाली. "लेकराले उपाशी ठेवून शिकवता काय, बाई?" पोळ्यापासून आम्ही बोलत नाही.

पण भाकरीच्या ओढीने तो घराकडे निघाला, की सोबत वाढलेल्या मेंढ्या मुकाट त्याच्या मागे येतात. मी मागून हाकायला शिकवत होते. तो पुढून आणतो. दीर नितेश म्हणाले, "वयनी, कुत्रं मेंढ्या चारून राह्यलं, का मेंढ्या कुत्र्याले?"

तरी दोन्ही जमुनाला. नितेशभाऊंनी कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, होईपर्यंत मेंढ्या विकायचा विषय काढू नये.

३. शिकवणी अर्धी आहे. कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मी थांबले की तो थांबतो, मेंढ्या पिकात शिरत नाहीत. पण तो मला पाहून थांबतो, की कपाशी पाहून? बाभळीआड लपून पाहिलं. वासावर त्याने मला हुडकून काढलं. एकदा जरी मेंढ्या कपाशीत गेल्या, तर नितेशभाऊ व्यापाऱ्याला बोलावतील.

४. ज्याला काही द्यायचं त्याची साक्ष घेत नाहीत, म्हणून जमुनाला सहीला न बोलावता हा कागद आजच वाचायला देते. जमुना, मी दवाखान्यात असताना संध्याकाळी धुऱ्यावर जाऊ नकोस. चुलीपाशी बस, भाकर टाक, आणि मेंढ्या आल्या की त्यांच्या तोंडाला कपाशीचा पाला आहे का, तेवढं बघ. परत आले तर मी आधी तेच विचारीन. नाहीच आले, तर ते वर्षालीला सांग.

लिहून देणार : शकुन शेषराव गावंडे
साक्षीदार : १. धर्मपाल तायडे २. शालू मनोज इंगळे
मौजे पिंपळशेंडा, २४ नोव्हेंबर २०२४