मांजरेकाठचं कडवं

४ ऑगस्ट २०१०, कमलनगर
सकाळी पुन्हा नेटकॅफेत. कविवर्यांच्या चाहत्यांच्या ग्रुपवर सध्या बगळ्याची कविता चाललीय. चौथीत होती आम्हाला, गुरुजी चालीत म्हणून घ्यायचे. खाडीच्या पाण्यात एकटा उभा बगळा. ग्रुप चालवणारे देसाई लिहितात, बगळा म्हणजे आधुनिक माणसाचं तुटलेपण. खाली रांगेनं: सहमत, सहमत, निःशब्द. मी विचारलं, बगळा नुसता बगळा असला तर चालणार नाही का? त्याखाली पुन्हा सहमत, देसाईंशीच. तरी घरी येईतो तीच चाल तोंडात.

९ ऑगस्ट
देसाईंचा फोन! दिवाळीनंतर पुण्यात मेळावा. तुम्ही ग्रुपवर लिहिलेल्या त्या वर्गातल्या चालीत कविता म्हणून दाखवा म्हणतात. सौ.ला सांगितलं. "पुण्याला? ह्या घशानं?" म्हणाली, अन् माझा ठेवणीतला सदरा उन्हात घातला.

१५ ऑगस्ट
उत्साहाच्या भरात अख्खी कविता ग्रुपवर टाकली, शेवटच्या कडव्यासकट:
मांजरेच्या काठी उभा
एका पायावर कोण?
ये रे बगळ्या, वर्गात
जागा आहे रे अजून.
तुटून पडले. कविवर्यांनी मांजरा नदी बघितली तरी होती का? प्रक्षिप्त. सहमत. सहमत. एकानं लिहिलं, सीमेपलीकडच्या त्या मुलखातल्या शाळांत काय वाट्टेल ते शिकवत असतील.
मला म्हणाले असते तर चाललं असतं. गुरुजींना...

२३ ऑगस्ट
उदगीरहून कविवर्यांचा संग्रह आणवला. कडवं न्हाई. पुन्हा बघितलं. न्हाईच. म्हणजे त्यांचं खरं. मग मी इतकी वर्षं काय म्हणत आलो?

२९ ऑगस्ट
ठाणाकुशनूर. व्यंकटकडे. वर्गातला एवढाच दोस्त उरलाय. अंगणात मूग वाळत घालायला होता. कडवं म्हणून दाखवलं तर हसतच सुटला.
"आरं येड्या, तुझ्यापायीच केलं की ते! खाडी म्हंजी काय गुरुजी, म्हणून तूच इचारलास. समदा वर्ग हसला. गुरुजीला बी कुठं ठावं होतं! दुसऱ्या दिशी बगळा मांजरेला आणला."
"मला कामून आठवंना रे?"
"तू रडायलास तवा. दप्तर घिऊन दारात हुबा. आत यिना गेलास."


३१ ऑगस्ट
ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. कडवं कविवर्यांचं नाही, तुम्ही बरोबर. माझ्या गुरुजींचं आहे, दारात उभ्या राहिलेल्या एका पोरासाठी केलेलं. संध्याकाळी पाहतो तर मजकूर काढून टाकलेला. 'विषयांतर.'
मेघना म्हणून एक मुलगी आहे ग्रुपवर, तिचा खाजगीत निरोप: काका, वाचून रडले. तिथं लिहायची हिंमत होत नाही.
पंधरा तारखेच्या 'सहमत'मध्ये तीही होती. पोरगीच आहे. एकटं पडायला कुणाला आवडतं.

१२ नोव्हेंबर
देसाईंचा फोन. माणूस गोड. "काका, तुम्ही यायचंच. चाल तुमचीच हवी. फक्त ते कडवं तेवढं गाळा. लोक बिथरतात." बरं, म्हणालो.
सौ. भाकरी थापायली होती. "बरं म्हणलात व्हय?" एवढंच. पोरं ह्याच कवितेवर निजवली आम्ही, शेवटच्या कडव्याला डोळा लागायचा.

२१ नोव्हेंबर, पुणे
सभागृहातच लिहितोय. हॉल भरलाय. देसाई पाया पडले. ग्रुपवर वाटायचे तसे नाहीत हे लोक. बगळ्याची कविता सगळ्यांना पाठ, ओठ हलतात. खोटं कशाला लिहू, ऊर भरून आला. ह्यांच्यात बसावं, ह्यांचंच व्हावं, असं फार वाटायलंय.
मेघना शोधत आली. "काका, सगळी म्हणणार ना?" पाणी मागितलं मी तिला.
सौ. शेजारी. पदर सावरून बसलीय.
नाव पुकारलं. वही सौ.कडे देतो. कविवर्यांच्या खाडीपर्यंत तर जाऊ. तिथून पुढं मांजरा...