श्रावणातली अंडी

९ ऑगस्ट, शनिवार

आणि वर म्हणतात, मी चांगल्यासाठीच सांगते! मंगलवन्सं भावाला राखी बांधायला आल्या, दोन वाट्या नारळीभात खाल्ला आणि मग नजर गेली ती आमच्या ऋतुजाच्या पायांवर. "शालन, पोरगी हाय का तालमीतला गडी? मांड्या बघ. गुडघं बघ. नववीतली पोरगी अशी दिसती व्हय?"

म्हटलं, वन्सं, खो-खो खेळती. गुडघं फुटणारच. त्यावर काय टिकल्या लावू?

तर ऋतुजाच बोलली. "आत्या, मांड्या माझ्या हायेत. तुमाला कुठं उचलायच्या हायेत?"

तिचे पप्पा हसले नाहीत. मी डोळे वटारले आणि आत जाऊन पदर तोंडात कोंबला.

ही तीच पोर. पाचवीत हजेरीला 'हजर' म्हणायची नाही. गुरुजी विचारायचे, मुकी हाय का. खो-खोत घेतली तेव्हा पाठीला हात लावायची पण तोंडातनं खो निघायचा नाही. न बोलता दिलेला खो चालत नाही, पोरी चिडायच्या. सहा महिने असंच. मग एक दिवस असा ओरडली की बांधावरची म्हैस उठली.

पण वन्सं जाताना चुलीपाशी येऊन हळूच बोलल्या. "उड्या मारून पिशवी सरकती बाईची. मग लग्नानंतर रडत बसशील."

मी गप बसा म्हणाले. तोंडानं म्हणाले. मग आत जाऊन कपाट उघडलं. एप्रिलपासून ऋतुजाची पाळी आलेली नाही. कपाटातलं पॅडचं पाकीट तसंच. मी कुणाला बोलले नाही. तिलाही विचारलं नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

श्रावणी सोमवार. भेंडी तोडली, हात खाजतायत. ऋतुजा कपभर चहावर पहाटे साडेपाचला मैदानात. उपवास.

नवस मीच बोलले होते जूनमध्ये, मोरगावला. जिल्ह्याच्या संघात नाव येऊ दे, श्रावणातले सोमवार, शनिवार आणि अंगारकी आम्ही मायलेकी धरू. नाव आलं. आता फेडायचं.

खेळाच्या काळेबाईंनी फॉर्म दिलाय. दहा दिवसांचं शिबिर, खाली पालकाची सही. २८ तारखेच्या आत द्यायचा. पप्पांपुढं ठेवला. "बघू." पंधरा वर्षं संसार केला, मला 'बघू' कळतं. वन्संचं बोलणं ह्यांच्या डोक्यात बसलंय.

उद्या अंगारकी. परत उपवास.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पडली.

खांबाला वळसा घालताना पडली. काळेबाईंचा फोन आला तेव्हा भेंडीची पाटी डोक्यावर होती, तिथंच टाकली. मी पोचेपर्यंत उठून बसली होती, ओठ पांढरे. बाई ग्लुकोज पाजत होत्या. "आई, अंगारकी हाय," म्हणाली. मी म्हटलं पी.

हे एमआयडीसीतनं तसेच गाडीवर आले, डेअरीची टोपी डोक्यावरच. तिला पुढं बसवून घरी आणलं.  घरात आल्यावर म्हणाले, "आजपासून खेळ बंद. त्यो फॉर्म फाडून टाक."

फाडला नाही. ज्वारीच्या डब्याखाली घातलाय.

१४ ऑगस्ट, गुरुवार

घर गप्प. ऋतुजा पाचवीतल्यासारखी झालीय. काही विचारलं की मान हलवते. वेणीचं टोक चावते. ही सवय मोडली होती, खो-खोत वेणी वर बांधतात म्हणून.

भांडी घासली, आवाज न करता. एरवी मी ओरडते, आपटू नको, पोचे पडतात. आज वाटलं, आपट गं बाई. एखादं तरी आपट.

संध्याकाळी पप्पांना सांगून टाकलं. पाळीचं. किती महिने झाले ते पण. त्यांनी टोपी काढून ठेवली. मग, "मला आधी का न्हाय सांगितलं?"

"तुमी वन्संना सांगितलं असतं."

ह्यांनी ते नाकारलं नाही.  मग म्हणाले, शनिवारी बारामतीला जा, बाई डॉक्टर हाय तिच्याकडं.

मनात एकच. खेळानं बिघडलं असलं तर मीच बिघडवलं. मैदानावर मीच सोडली. तिला घरात बसवायला सगळे तयार होते, मीच नाही म्हणाले. आता…

१६ ऑगस्ट, शनिवार

लिहिते सगळं. 

डॉक्टरीण माझ्यापेक्षा लहान, चष्मेवाली. तपासलं, रक्त घेतलं, मशीन फिरवून पोट बघितलं. मी श्वास धरून. मग विचारते, "ही खाते काय?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. सकाळी चहा, मग दोन तास खेळ, मग शाळा. दुपारी डबा. सोमवार धरते, शनिवार धरते, संकष्टी पहिल्यापासून धरते, श्रावणात अंगारकी पण. पोरगी देवाधर्माची हाय.

तिनं पेन खाली ठेवलं. "आणि पाळी बंद होऊन चार महिने झाले, तर वाट कसली बघत होता? कधी आणायची पोरगी?"

म्हटलं, भ्याले. लोक म्हणतात पिशवी सरकती.

"पिशवी जाग्यावर आहे, मावशी. सरकलीय ती भाकरी. पोरीच्या ताटातनं."

खेळानं काही बिघडलं नाही म्हणाली. कधीपासनं रोज एवढं पळायचं ते नुसत्या चहावर, त्यात आता उपास, म्हणून अंगानं पाळी बंद करून टाकली. रक्त कमी. ह्याच वयात हाडं भरतात, खेळानं आणखी भक्कम होतात, पण खाल्लं तर. दोन आठवडे आराम, लोखंडाच्या गोळ्या, दूध, कडधान्य, अंडी. मग परत दाखवायचं, मग खुशाल खेळू दे. पाळी यायला वेळ लागेल, घाबरायचं नाही, पण तारखा लिहून ठेवायच्या.

बाहेर येऊन बाकड्यावर बसले.  चार महिने छातीवर जातं ठेवल्यासारखं होतं, ते कुणी उचलून नेलं. रडले. ऋतुजा म्हणते, "आई, लोक बघतायत." बघू दे.

एसटी स्टँडवर तिला दोन वडापाव घेतले. माझ्याकडं बघते. "आई, शनिवार."

"खा."

खाल्ले. तिसरा मागितला.

१८ ऑगस्ट, सोमवार

नवसाचं रात्रंदिवस डोक्यात होतं. मग आज भाकऱ्या थापताना सुटलं. नवस मी बोलले. तोंड माझं, तर पोटही माझंच. मी धरते माझे सोमवार. देवानं पोरीचं पोट मागितलं नव्हतं, ते मीच आगाऊपणानं लिहून दिलं.

ऋतुजा मटकीची उसळ आणि दोन भाकरी खाऊन शाळेत गेली.

अंड्यांचं मात्र अवघड. आमच्या घरात श्रावणात कांदा चिरत नाहीत. ह्यांचाच नेम. म्हटलं, श्रावण संपू दे.

संध्याकाळी हे आले, गाडीच्या डिकीतनं रेनकोट काढला, रेनकोटात कागद, कागदात सहा अंडी. "कुणाला बोलू नको." आणि स्वतः गोठ्यामागं तीन दगड मांडून उकडत बसले. टोपी घालून. मी खिडकीतनं बघत होते. ऋतुजा हसून हसून भिंतीला टेकली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

वन्संचा फोन. डॉक्टरीण काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं. भाकरीचं पण. "आमच्या वेळी आमी काय उपाशी मेलो का," म्हणाल्या. म्हटलं, तुमी खो-खो कुठं खेळलात? तुमाला तर परकर घालून पळायला पण दिलं न्हाय.  मग म्हणाल्या, "मी लंगडीत लई पुढं असायची गं." एवढंच. फोन ठेवला.

मैदानावर गेले होते. ऋतुजा कडेला बसून ओरडत होती, खेळायची परवानगी नाही पण ओरडायला कोण अडवतं. काळेबाई आता सुरू करायच्या आधी एकेकीला विचारतात, काय खाल्लं? चौघी निघाल्या नुसत्या चहावर आलेल्या. एकीची आई पण उपवासवाली. म्हणजे मी एकटीच शहाणी नव्हते. आता सगळ्यांना गूळशेंगदाणे.

बाई म्हणाल्या, शिबिर पुढच्या महिन्यात, डॉक्टरांचा कागद मिळाला की चालेल. फॉर्मवर आईची सही पण चालते.

ते मला माहीत आहे. सातवी पास आहे मी, सही येते.

आज भांडी आपटली तिनं. पातेल्याला पोचा. काही बोलले नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

ऋतुजाचे पप्पा, हे पान तुमच्यासाठी. मागची वाचू नका.

तोंडानं विचारलं की तुम्ही 'बघू' म्हणता आणि गोठ्यात जाता, म्हणून लिहून देते. फॉर्म ह्या वहीत ठेवलाय, पेनही ठेवलाय, वही गाडीच्या किल्लीखाली.

पाळी अजून आली नाही. तारखा लिहितेय. डॉक्टरीण म्हणाली तसं होईल. पडली तेव्हा तुम्ही भ्यालात, मीही भ्याले. पण पोरगी उपाशी होती, खेळात दोष नव्हता. चूक माझी, ती मी कबूल केली. तिची शिक्षा तिला नको.

सही मी पण केली असती. पण शिबिराला निघताना ती तुमच्याकडं वळून बघणार, माझ्याकडं नाही. ते मला कळतं.

श्रावणात अंडी लपवून आणता, उकडून सोलून देता. मग सही उघड्यावर करायला काय होतंय? तुमची बहीण काय म्हणेल ते मी बघते.

मंगळवारी हरतालिका. लग्न झाल्यापासून तुमच्यासाठी पाण्याचा घोट न घेता धरतेय. ऋतुजा धरणार नाही, हे आत्ताच सांगते. माझा उपास तुमच्या उत्तरावर आहे. मंगळवारी सकाळी चहाच्या आत उत्तर पाहिजे. हो किंवा नाही. 'बघू' चालणार नाही. हो आलं नाही तर मी पण खाणार, शिऱ्याचा रवा काढून ठेवलाय.