मीच म्हणालो, सगळे आले

युसूफ गड्या,

तू गेलास त्याला चार महिने झाले. इतक्या दिवसांत तुझ्या नावानं एक ओळ लिहिली नाही, आणि आज दुपारी जेवण टाकून लिहायला बसलोय. का, ते सांगतो. काल आपल्या डेपोत एकाचा निरोप समारंभ होता. हार-तुरे झाले, चहा झाला आणि कुणीतरी तुझी ती गोष्ट काढली. "मुखेडचा युसूफ ड्रायव्हर! तीस वर्षं एक स्टॉप चुकला न्हाई, अन् मलेशियात जाऊन हरवला!" नव्या पोरांसकट सगळे हसले.

मीही हसलो, युसूफ.

घरी आलो आणि वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. तसं घरी असतं तरी कोण? सुनीताची आई जाऊन सहा वर्षं झाली, सुनीता लातूरला तिच्या संसारात. तू होतास तोवर सकाळी दाराशी "अप्पा, उठला का?" अशी हाक तरी यायची. आता दूधवाला येतो, पिशवी कडीला अडकवतो आणि जातो.

आठवतं, ते सगळं सुरू कसं झालं? चौदा वर्षं आपण एका गाडीवर होतो. तू स्टेअरिंगवर, मी तिकिटाला. मुखेड-लातूर, मुखेड-नांदेड, मुखेड-देगलूर. रिटायर झाल्यावर तूच एकदा म्हणालास, "लोकायला पोचवू पोचवू दमलो. आपुन कुठं गेलो का रे कधी?" मी ते सुनीताला सांगितलं, अन् तिनं लातूरच्या एका टूरवाल्याकडं दोघांची नावं घातली. शुक्रवारी निघायचं, सोमवारी परत. क्वालालंपूर! ते नाव म्हणताना तुझी जीभ अडखळायची. शेवटी तू "आपलं ते कोल्हापूर" म्हणायला लागलास.

हैदराबादेहून विमान उडालं तेव्हा तू माझं मनगट धरलं होतंस. तीस वर्षं घाटात गाडी चालवलेला माणूस! "अप्पा, ड्रायव्हर दिसंना गेला रे," म्हणालास. मी किती हसलो होतो.

आणि मग ती पळापळ. अडीच दिवसांत केवढं बघायचं! बस थांबली की उतरा, फोटो काढा, चढा. राजवाडा बाहेरून बघितला, चॉकलेटचं दुकान, फुलपाखरांची बाग. मी तर रात्री खोलीत कोणतं कुठं बघितलं तेच विसरून गेलो होतो. तू मात्र प्रत्येक ठिकाणी आधी रस्ते बघायचास. "गड्डा न्हाई रे एक बी! इथं आपल्यासारख्याला झोप लागंल गाडी चालवताना."

मी कंडक्टर होतो हे पहिल्याच दिवशी बसमध्ये सांगून बसलो, आणि गाईडनं माणसं मोजायचं काम माझ्याच गळ्यात घातलं. तामिळ पोरगा, मोडकं हिंदी बोलायचा. "कंडक्टर अंकल, सब आ गया?" मी मागं चक्कर मारायचो, चोवीस मोजायचो आणि म्हणायचो, "आ गया." मला किती मोठेपणा वाटायचा! तुला ते कळत होतं. तू खिडकीतून बघत गालात हसायचास.

शनिवारी त्या डोंगरातल्या गुहेच्या देवळाला गेलो. खाली शिवाच्या लेकाची केवढी थोरली सोनेरी मूर्ती, आणि वर जायला अडीचशेच्या वर पायऱ्या. क्लच दाबून दाबून तुझा डावा गुडघा गेलेला. "तू जा वर. महादेवाचं लेकरू हाय, तुझ्या घरचंच. मी चप्पल सांभाळतो," म्हणालास. मी पाऊण तासानं उतरलो. तू उन्हात उभा होतास, एका हातात माझी चप्पल, दुसऱ्या हातानं माकडं हाकलत. मी धापा टाकत आलो तर उलट मलाच रागावलास. "सावकाश यायचं ना. कायकू पळतूस? मी कुठं पळून चाललो का?"

बघ, तू माझ्यासाठी असा थांबला होतास. आणि मी?

रविवारी सकाळपासूनच मी तुझ्यावर चिडलेलो होतो. तुझ्या गुडघ्यानं तुला चालवेना आणि प्रत्येक ठिकाणी आपण शेवटी बसपाशी पोचायचो. तो लातूरचा दालमिलवाला आठवतो? दर वेळी घड्याळ बघायचा. दुपारी सगळ्यांसमोर म्हणाला, "कंडक्टरसाहेब, तुमच्या ड्रायव्हरमुळं गाडी लेट व्हायलीय." बस हसली. तुझ्या कानावर ते गेलं की नाही, ठाऊक नाही. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, असल्या लोकांत माझी काय शोभा राहिली? किती हलकं मन माझं!

मग पुत्राजाया. तळ्याकाठची ती गुलाबी मशीद. या वेळी तू रस्त्यांकडं बघितलंसुद्धा नाहीस. गाईडनं चाळीस मिनिटं दिली. "असरची नमाज पढून येतो," म्हणालास आणि डोक्यावरची उन्हाची टोपी सीटवर काढून, खिशातली पांढरी घालून गेलास. मी म्हणालो, "लवकर ये बाबा. आधीच शिव्या खाऊन राहिलो तुझ्यामुळं." तू वळून बघितलंस आणि लंगडत निघालास.

चाळीसाची पन्नास मिनिटं झाली. दालमिलवाला चुळबुळ करायला लागला. गाईडनं विचारलं, "कंडक्टर अंकल, सब आ गया?"

युसूफ, आता खरं ऐक. मी मागं वळून बघितलं. तुझी सीट रिकामी होती. सीटवरची तुझी टोपी मला दिसली. आणि मी म्हणालो, "आ गया. चलो."

का म्हणालो? तेव्हापासून मी स्वतःला हेच विचारतोय. वाटलं होतं, बस पुढच्या वळणापर्यंत जाईल, मग मी ओरडीन, तू लंगडत धावत येशील आणि तुला अद्दल घडेल. पण बस वळली ती थेट मोठ्या रस्त्याला लागली. आता बोललो तर बसमधले सगळे मला काय म्हणतील, म्हणून तोंड उघडेना. एक एक मिनिट जात होतं आणि बोलणं अवघड होत होतं. पुढच्या बाजारात उतरल्यावर मी कपाळाला हात लावला. "अरे, युसूफ न्हाई की!" नाटक केलं मी. गाईडचं तोंड पांढरंफटक पडलं.

परत फिरलो तर रस्ता तुंबलेला. तुझ्याकडं तिथला फोन नाही, भाषा नाही, पासपोर्ट हॉटेलात. पोचेस्तोवर तीन तास झाले. तू कुठं होतास? जिथं बस उभी होती अगदी त्याच जागेवर. एक पाऊल इकडं तिकडं नाही. "गाडी सोडून गेली तर स्टॉप सोडायचा न्हाई, म्हंजे माणूस सापडतंय," असं तूच प्रवाशांना सांगायचास ना? तीन तास त्या गुडघ्यावर उभा होतास!

मला बघून पहिलं काय बोललास?

"अप्पा, बरा हायस ना? मला वाटलं, तुलाच काहीतरी झालं. तू मोजण्यात चुकणार न्हाईस."

मी म्हणालो, "गर्दीत दिसलं न्हाई रे." तू माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलंस. मग "हौ, होतंय" म्हणून बसमध्ये चढलास, आणि चढल्या चढल्या सगळ्यांपुढं हात जोडलेस. "माझीच चूक झाली. नमाजमधी टाईम कळला न्हाई. माफी करा." त्या संध्याकाळची जुळ्या टॉवरची रोषणाई सगळ्यांची हुकली होती. दालमिलवाला म्हणाला, "म्हंजे ड्रायव्हरच स्टॉप चुकला!" हीच गोष्ट तुझ्याआधी मुखेडला पोचली.

त्यानंतर एकदाच, फक्त एकदा, इथं डेपोसमोरच्या हॉटेलात चहा पिताना तू विचारलंस, "अप्पा, माझी टोपी सीटवरच होती ना त्या दिवशी?" मी म्हणालो, "ध्यानात न्हाई." तू बशीतला चहा संपवलास आणि पावसाचं काहीतरी बोलायला लागलास. परत कधी विचारलं का नाहीस रे? भांडला असतास, दोन शिव्या घातल्या असत्यास तर मी तिथंच पाय धरले असते. तुझं असं सगळं गिळून टाकणं मला आवडलं नाही, हे आज सांगतो.

तू गेलास तेव्हा मी लातूरला होतो. छातीत कळ आली, नांदेडला नेत होते, वाटेतच संपलं. मी पोचलो तोवर मूठमातीही होऊन गेली होती. कबरस्तानात एकटाच उभा राहिलो. मग कबरीवर चिमूटभर माती टाकून परत फिरलो.

आज सकाळी तुझ्या घरी, खतीजाभाभीकडं गेलो. मला चहा देऊन तुरीची डाळ निवडत बसल्या. मी सगळं सांगितलं, टोपीसुद्धा. त्यांचा हात थांबला.

"तीन घंटे?" म्हणाल्या. "खडे रहे?"

"हौ."

"घर में तो बोलते थे, मेरीच गलती थी."

मी मान खाली घातली. त्या उठून आत गेल्या. खूप वेळ आल्या नाहीत. माझा चहा समोर निवून गेला. वाटलं, आता निघावं, हे दारही बंद झालं. तेवढ्यात पदरानं तोंड पुसत बाहेर आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "भाईसाब, मेरेकू बोलके क्या होता? जहाँ सब हँसते, वहाँ जाके बोलो."

बरोबर बोलल्या ना?

बाजाराच्या दिवशी आपली सगळी रिटायर मंडळी डेपोसमोरच्या हॉटेलात जमतात. दालमिलवाल्याचा पुतण्याही तिथं माल टाकायला येतो. या बाजाराला मी जाणार आहे. उभा राहून सांगणार आहे, की युसूफ हरवला नव्हता, मी त्याला डोळ्यांदेखत सोडून आलो. कुणी हसलं, कुणी उठून गेलं, कुणी परत माझ्याशी बोललं नाही, तरी अर्धवट सोडणार नाही. आणि यापुढं कुठंही ती गोष्ट निघाली की तिथंच थांबवीन.

एकच गोष्ट राहून राहून मनात येते. तू असतास तर मध्येच माझा हात धरून म्हणाला असतास, "जाऊ दे अप्पा, माझीच चूक व्हती." आणि मी गप्प बसलो असतो. आता मला गप्प करणारं कुणीच राहिलं नाही.

तुझा,
महालिंगअप्पा