हॉल एक, गव्हर्नर दोन

१ ऑक्टोबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. विस्कॉन्सिनचा पुढचा गव्हर्नर कोण, हे आधी ओळखणारा माणूस या गावात एकच आहे. निकालानंतर कुणी म्हणायला नको की लाइल वेंडॉर्फ आता शहाणपणा सांगतोय.

निमित्त असं. दुपारी विल्मा स्टोल्टबाई आल्या. शाळेत आम्हाला खेळाच्या तासाला पळवायच्या. रिटायर होऊन युगं झाली, पण अजून मला वेंडॉर्फ म्हणतात आणि बोलताना माझ्या पोटाकडे बघतात. सध्या गव्हर्नरपदाच्या उमेदवार थॉर्सगार्डबाईंच्या प्रचाराच्या जिल्हाप्रमुख. त्यांना निकालाच्या रात्री विजयाची पार्टी करायला आमच्या सपर क्लबचा, म्हणजे जेवणाच्या हॉटेल-बारचा, मागचा हॉल हवाय.

संध्याकाळी नॉर्ब यांकोव्स्की आला. अंत्यविधीचा धंदा. शाळेपासूनचा दोस्त, दर उन्हाळ्यात एका होडीत बसून मासे धरतो आम्ही. तो समोरच्या उमेदवाराचा, कुबियाकचा जिल्हाप्रमुख. त्यालाही तोच हॉल, तीच रात्र.

दोघांनाही म्हटलं, तत्त्वतः हो.

जोलीनने विचारलं, तत्त्वतः हो म्हणजे काय? बायकोला धंदा समजावणं सोपं नाही, तरी समजावला. जिंकलेली माणसं बार बंद होईपर्यंत खातात-पितात. हरलेली माणसं तळलेल्या चीज कर्ड्सची एक प्लेट घेऊन गपचूप घरी जातात. म्हणजे हॉल जिंकणाऱ्याला द्यायचा. ईस्टरनंतर तो हॉल कुणी मागितलेला नाही, ही संधी सोडायची नाही. आता फक्त कोण जिंकणार एवढंच शोधायचं.

जोलीन म्हणाली, एवढंच ना.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

युनिव्हर्सिटीचा मतचाचणीचा पोल आला. थॉर्सगार्ड तीन टक्क्यांनी पुढे. शास्त्रीय पोल आहे, प्रोफेसर लोकांनी काढलाय. विषय संपला.

विल्माबाईंना फोन करून हॉल पक्का केला. नॉर्बला सांगितलं, वाईट वाटतं पण आकडे आकडे असतात. तो म्हणाला, हॉल तुझा आहे, लाइल. आवाज जरा मातीत गेल्यासारखा वाटला. पण त्याच्या धंद्यात तसा होतोच.

शुक्रवारचा फिश फ्राय, म्हणजे तळलेल्या माशांचं जेवण, जोरात. विल्माबाईंचं अख्खं टेबल. ब्रँडी ओल्ड फॅशन्ड कॉकटेल करून करून माझा हात दुखला. निर्णय योग्य होता.

८ ऑक्टोबर, सोमवार

टीव्ही चॅनेलचा पोल. कुबियाक चार टक्क्यांनी पुढे.

हे कसं? एका वीकेंडात राज्य कुशीवर वळलं? जोलीन म्हणाली, यांनी वेगळ्या माणसांना विचारलं असेल. मी म्हटलं, मग त्याच माणसांना का नाही विचारलं? ती बटाटे सोलायला निघून गेली. 

खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, चुकीची मर्यादा चार टक्के. म्हणजे कुबियाक आठने पुढे असेल किंवा बरोबरीत असेल. थोडक्यात चॅनेल म्हणतंय, आम्हाला माहीत नाही, पण आम्ही आकड्यात सांगतो.

तरी चॅनेलचा पोल ताजा आहे. दूध आणि पोल नेहमी ताजाच घ्यावा. नॉर्बला फोन करून हॉल दिला. त्याने विचारलं, विल्माबाईंना सांगितलंस? म्हटलं, सांगतो.

सांगायचं आहे.

११ ऑक्टोबर, गुरुवार

सांगायची गरज पडली नाही. नॉर्बनेच सांगितलं. त्याच्यात हा एक दोष आहे, सरळ आहे.

विल्माबाई ट्रॅकसूट घालून जातीने आल्या. जेवणाऱ्या लोकांसमोर म्हणाल्या, वेंडॉर्फ, चेंडू मारायच्या खेळातसुद्धा तू दोन टीमच्या मधल्या रेषेवर उभा राहायचास. म्हटलं, म्हणून तर मी कुणाचा शत्रू नव्हतो. त्या म्हणाल्या, म्हणून तर तुला दोन्हीकडून चेंडू बसायचे.

मला तसं आठवत नाही.

१५ ऑक्टोबर, सोमवार

पेपरचा पोल. थॉर्सगार्ड एक टक्क्याने पुढे.

संकल्प : यापुढे कुठल्याही एका पोलवर विश्वास नाही. सरासरी काढायची. मोठे लोक सरासरीच काढतात. थॉर्सगार्ड अधिक तीन, उणे चार, अधिक एक. सरासरी काढली. शून्य आली. पुन्हा काढली.

पण शून्यातूनच माणसाला कल्पना सुचते. हॉलच्या मध्ये सरकता पडदा लावायचा. एका बाजूला जिंकलेले, दुसऱ्या बाजूला हरलेले, दोन्ही बिलं आपली. जोलीनला सांगितलं. ती म्हणाली, दार एकच आहे. बाथरूम एकच आहे. मग विजय आणि पराभव बाथरूमच्या रांगेत एकमेकांना भेटणार का?

तिची बुद्धी नेहमी अशी बारीकसारीक गोष्टीत अडकते.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

क्लबसमोरच्या गवतात दोन्ही उमेदवारांच्या पाट्या लावल्या. शेजारी शेजारी, सारख्या उंचीच्या. तटस्थपणाचं असं उदाहरण जिल्ह्यात नसेल. येणारेजाणारे गाडी हळू करून बघत होते. एकाने खिडकी खाली करून विचारलं, नवराबायकोचं पटत नाही का?

फिश फ्रायला विल्माबाईंचं टेबल आलं नाही. नॉर्बचंही नाही. कॉड मासा उरला. उद्या सूप.

जोलीनला म्हटलं, लोक पॅकर्सच्या फुटबॉल मॅचमुळे घरी बसले असतील. ती म्हणाली, मॅच रविवारी असते. मग हात पुसत म्हणाली, निवडून कोण येणार हे विचारत बसलायस, लाइल, जेवायला कोण येणार ते विचार.

वाक्य चांगलं होतं. पण राजकारणाचा तिचा अभ्यास नाही.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

मोठा दिवस. पोलवाल्यांचा फोन आला. मला.

मुलगी गोड बोलत होती. निवडणूक आज झाली तर मत कुणाला देणार, असं विचारलं. मी म्हटलं, आधी सांग, बाकीचे काय म्हणतायत? म्हणाली, सांगता येत नाही, सर. म्हटलं, नुसता कल सांग. म्हणाली, नाही, सर. म्हटलं, शुक्रवारी ये, कॉड, बटाटे, राय ब्रेड, सगळं माझ्याकडून. ती म्हणाली, मी नेब्रास्कातून बोलतेय.

शेवटी म्हणाली, सर, तुमचा निर्णय झालाय की नाही? मी म्हटलं, निर्णय अगदी पक्का आहे. तो कुणाच्या बाजूने आहे तेवढं ठरायचंय. तिने बहुतेक अनिर्णितमध्ये टाकलं. पोल किती ढोबळ असतात बघा.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

माझा पोल आला. कुबियाक दोनने पुढे. अनिर्णित सहा टक्के. त्या सहा टक्क्यांत मी आहे. आकडा कापून बारच्या आरशाला चिकटवला. जोलीनने आरसा पुसताना काढला.

नॉर्बला फोन. उचलला नाही. निरोप ठेवला, हॉल तुझाच, आता बदल नाही. तरी रात्रीच्या फिश फ्रायला आला नाही. फक्त तिघे जेवायला होते, त्यातला एक जोलीनचा भाऊ डेल. त्याची गावात चेंडूने पिना पाडायच्या बोलिंगची जागा आहे. तो आमच्याकडे फुकट जेवतो.

२७ ऑक्टोबर, शनिवार

नॉर्बकडे जाऊन आलो. तो शववाहिनी पुसत होता. म्हटलं, निरोप मिळाला ना? म्हणाला, मिळाला. म्हटलं, मग आनंद कुठे गेला?

त्याने फडकं ठेवलं. म्हणाला, लेका, आयुष्यभर एका होडीत बसलो आपण. मी का या माणसासाठी थंडीत दारोदार फिरतोय, हे तू एकदा तरी विचारलंस का? तो जिंकेल का, एवढंच विचारतोस.

मी म्हटलं, बरं, का फिरतोयस? तो म्हणाला, आता राहू दे.

शववाहिनी चकचकीत होती. तीत स्वतःचा चेहरा दिसत होता. मी फार वेळ पाहिला नाही.

३० ऑक्टोबर, मंगळवार

एकाच सकाळी दोन पोल. एकात थॉर्सगार्ड दोनने पुढे, दुसऱ्यात कुबियाक एकने. मी घाबरलो नाही. बेकरीत जाऊन मोठा केक सांगितला, वर फक्त 'अभिनंदन, गव्हर्नर'. नाव नाही. बेकरीवाली म्हणाली, नाव घालायला जास्त पैसे नाहीत. म्हटलं, प्रश्न पैशांचा नाही, शास्त्राचा आहे.

मग केकचं विल्माबाईंना सांगावं म्हणून फोन केला. त्या म्हणाल्या, आमची पार्टी डेलकडे आहे. नॉर्बच्या ऑफिसात फोन केला. नॉर्बची पार्टीही डेलकडे.

डेलने दोघांना होकार दिला. डावीकडच्या लेन एका पक्षाला, उजवीकडच्या दुसऱ्याला. एकही पोल न बघता! माणूस शेवटपर्यंत अडाणी राहिला. जोलीनला म्हटलं, हा डोक्याला हात लावून बसेल बघ. जोलीन म्हणाली, डेलने मला त्या रात्री तळणाला मदतीला बोलावलंय. म्हटलं, तू जाणार नाहीस. ती म्हणाली, तत्त्वतः नाही.

आवडलं नाही मला ते.

६ नोव्हेंबर, मंगळवार. मतदान.

शाळेच्या जिममध्ये गेलो. हातात मतपत्रिका, समोर दोन नावं. मन अगदी स्वच्छ होतं. थॉर्सगार्डच्या नावापुढच्या गोलाकडे पेन नेलं की कुबियाकचे चार टक्के आठवायचे. कुबियाककडे नेलं की प्रोफेसर लोक डोळ्यांसमोर यायचे. मागे कुणीतरी खोकलं. मग मी न्याय केला. दोन्ही गोल भरले. अर्धं अर्धं मत.

मतं मोजणाऱ्या मशीनने कागद परत ओकला. वर शिट्टीसारखा आवाज. मशीनपाशी म्हाताऱ्या डेटवायलरबाई बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून सगळ्यांना कमी ऐकू येतं असं त्या धरून चालतात. त्या म्हणाल्या, लाइल, गव्हर्नरसाठी तू दोघांनाही मत दिलंयस.

अख्ख्या जिमने ऐकलं. रांगेत नॉर्ब होता. त्याच्या मागे कॉफीचा ग्लास घेऊन विल्माबाई. नॉर्बने बुटांकडे बघितलं. विल्माबाईंनी छताकडे. पण दोघांचे खांदे हलत होते. कित्येक दिवसांत त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं असेल तर ते तेव्हा.

दुसरा कागद मिळाला. त्यावर काय केलं ते इथेही लिहिणार नाही. मतदान गुप्त असतं. (कोरा सोडला.)

संध्याकाळी हॉल उघडला. सगळ्या रंगांचे फुगे, मधोमध केक. जोलीन डेलकडे गेली. टीव्ही लावला. आठच्या सुमारास इलिनॉयचं एक जोडपं आलं. मला वाटलं, सुरुवात झाली. ते रस्ता चुकले होते. हायवे कुठे आणि बाथरूम कुठे, हे विचारलं. केक दिला. बाई म्हणाल्या, कोण गव्हर्नर झालं? म्हटलं, अजून ठरायचंय. म्हणाल्या, मग अभिनंदन कुणाचं?

त्यांना आणखी एक तुकडा बांधून दिला.

७ नोव्हेंबर, बुधवार

थॉर्सगार्ड. एक टक्कासुद्धा नाही, त्याहून कमी फरकाने.

टीव्हीवर तज्ज्ञ म्हणाला, मर्यादा धरली तर सगळेच पोल बरोबर होते. युनिव्हर्सिटी बरोबर, चॅनेल बरोबर, पेपरही बरोबर. म्हणजे राज्यात चुकलेला एकटा मीच. बरोबर आहे. त्यांना मर्यादा होती.

जोलीन सकाळी उशिरा उठली. केसांना तळणाचा वास, चेहरा खूश. म्हणाली, जिंकलेले दमले होते, लवकर गेले. हरलेलेच बसले, बिअरचे पिचरवर पिचर मागवत. शेवटी नॉर्ब एकटा लेनपाशी बसून जरा रडला. विल्माबाई परत आल्या, त्याच्याशेजारी बसल्या. मग त्याच्या हातात बोलिंगचा चेंडू दिला. म्हणाल्या, ऊठ यांकोव्स्की, गुडघे वाकव.

मी विचारलं, माझ्याबद्दल कुणी काही विचारलं? तिने बराच विचार केला. म्हणाली, डेलने विचारलं, आपली जादाची कढई रिकामी आहे का.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी नॉर्बकडे गेलो. उरलेला केक नेला होता, वरचा मजकूर सुरीने खरवडून. तो एकटाच होता. मी म्हटलं, का फिरलास त्याच्यासाठी, सांग. खरंच विचारतोय.

त्याने आधी दार लावलं. मग सांगितलं, बराच वेळ. कुबियाकचा बाप, बंद पडलेली कागदाची गिरणी, ज्यांच्याकडे शवपेटीलासुद्धा काही नव्हतं अशी माणसं, त्यांच्यासाठी कुबियाक कसा उभा राहिला. मला अर्धं आधीपासून माहीत असायला हवं होतं. माहीत नव्हतं. मध्ये मी एकदाच बोललो. म्हटलं, पण मग पहिल्या पोलमध्ये तो तीन टक्के मागे कसा. त्याने माझ्याकडे बघितलं. मी केक कापायला घेतला.

निघताना विचारलं, रात्री जेवायला येशील? तो म्हणाला, सांगता येत नाही.

दुपारी जोलीनने विचारलं, किती कॉड बाहेर काढू? मी आकडेमोड सुरू केली, ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारचे तिघे, त्याच्या आधीचे... ती वाट न बघता फ्रीजरकडे गेली. मला बटाटे सोलायला बसवलं.

विल्माबाई आल्या, मैत्रिणींसह. ऑर्डर जोलीनला दिली. मला म्हणाल्या, वेंडॉर्फ, ताठ उभा राहा. डेल आला. रस्त्यापलीकडचे दोघे आले. दार वाजलं की मी मान वर करायचो.

दार लावायची वेळ झाली. जोलीनने विचारलं, नॉर्बच्या ताटाचं काय करू? येईल का तो?

मी अंदाज सांगणार होतो. म्हटलं, झाकून ठेव.