गाणगापूरची पौर्णिमा आणि गिरणीमागची खोली

विनायका, चष्मा कपाळावर आहे. तो खाली घे आणि मग वाच. घरभर शोधत बसशील, बायकोवर ओरडशील, आणि तोवर माझे तेरा दिवस संपून जातील.

लिहून ठेवते ती मी, इंदुमती रामचंद्र महेंद्रकर, वय अंदाजे सदुसष्ट. अंदाजे अशासाठी की माझ्या जन्माच्या वेळी घरात लिहिता येणारं कुणी नव्हतं, आणि ज्यांना आठवत होतं ते सगळे पुढं गेले. धंदा गिरणीतल्या डंकावर मिरची कांडून देण्याचा, राहणार हुबळी. मला अक्षर येत नाही. मी सांगते आणि वकील प्रभंजन लिहून घेतात. लिहून झालं की प्रत्येक कलम मला परत वाचून दाखवतात आणि मी हो म्हटल्यावरच पुढं जातात. माझं डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टर उत्तरांनी मघाशी तपासून तसं लिहून दिलं आहे. कुणी धाक घातलेला नाही, कुणी गोड बोलून फसवलेलं नाही. मी गेल्यावर माझ्या मालमत्तेचं काय करायचं ते खाली सांगते. याआधी मी असा कागद केलेला नाही, म्हणून आधीचा रद्द करण्याचा प्रश्न येत नाही. वकील म्हणतात तरीही लिहावं लागतं. लिहा.

कलम एक. राहतं घर माझ्या नावावर आहे, डंकाच्या कमाईतून घेतलेलं आहे. ते विनायकाला. पुढचा कट्टा फोडून मोटार ठेवायला जागा करायचं तुझ्या मनात आहे, मला ठाऊक आहे. कर. मी कट्ट्यावर परत बसायला येणार नाही.

कलम दोन. दागिने, पोस्टातली ठेव आणि मिरची भाजायची मोठी कढई दीपालीला. कढईच्या वाटणीवरून भावा-बहिणीत बोलाचाली होऊ नये. विनायकाला भाजताना शिंका येतात, त्याला ती लागत नाही.

कलम तीन. माझी नणंद कृष्णाबाई, हिला माझा आरसा. माझ्या लग्नात ती म्हणाली होती, "रामूला गोरी मिळाली असती." आता रोज आरशात बघून सांगावं, कुणाला कोण मिळालं असतं ते. जोडीला माझी पैठणी पण द्या, नाहीतर सरणावरून उठून टोमणा मारला म्हणेल.

कलम चार. गोकुळ रोडवरची जागा, डंक, मोटर, चाळण्या, काटा आणि मागची खोली ही सगळी नात स्मृती हिला. ती धारवाडला सप्तापुरात खोली घेऊन शिकते, तिनं पुढं डंक चालवावा अशी माझी जबरदस्ती नाही. अट एकच. मागच्या खोलीत हणमंत राहतो. तो जिवंत आहे तोवर ती जागा विकायची नाही, भाड्यानं द्यायची नाही, त्याला उठ म्हणायचं नाही. खोलीची वीज आणि पाणी तोडायचं नाही. विनायकानं तिथं कारखान्याचं गोदाम बांधायचं म्हणून एका माणसाशी बोलणी केली आहेत, ती मोडावीत.

हे वाचून विनायका, तू कागद खाली ठेवशील. ठेवू नको. "तो माणूस" म्हणशील, नाव घेणार नाहीस. म्हणून पाचवं कलम करावं लागलं. वकील म्हणाले, "आजी, याला मृत्युपत्रात जागा नाही." मी म्हटलं, माझ्या संसारात पण याला जागा नव्हती, तरी आम्ही केलीच की. लिहा.

कलम पाच. तुझे वडील भला माणूस. रेल्वेत कारकुनी केली, कुणाचं वाईट चिंतलं नाही, चहात साखर कमी पडली तर गुपचूप प्यायचे. पण अंगाची भूक त्यांना नव्हती. तुम्ही दोघं झालात तीही माझ्या चिकाटीनं. मला मात्र भूक होती, आणि ती वयाबरोबर कमी व्हायची तर वाढली. इथं वकील खोकले आणि म्हणाले, "वैवाहिक मतभेद असं लिहूया." मतभेद नव्हता हो. मत एकच होतं, भूक वेगळी होती.

दीपालीचं लग्न झालं त्या वर्षी, एक्क्याण्णव साली, आम्ही दोघं मागच्या दारी ब्याडगी मिरचीची देठं खुडत बसलो होतो. मी उगीचच पाट्या आपटत होते. ते म्हणाले,

"इंदू, तुझी चिडचिड मिरचीची नाही. माझी आहे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. डॉक्टर झाले, काढे झाले. माझ्यानं ते होत नाही, आणि खरं सांगू, मला त्याचं वाईटही वाटत नाही. तुझं वाटतं."

"मग मी काय करू? काढा मी पिऊ?"

ते हसले. मग देठ खुडत खुडतच बोलले, मान वर न करता. "तू कुणाकडं बघ. मी विचारणार नाही. फक्त पोरांना कळू द्यायचं नाही, आणि मला नाव सांगायचं नाही."

"आणि तुम्ही?"

"मला पण मोकळीक दे की."

"कुणाकडं जाणार?"

"दत्ताकडं. पौर्णिमेला गाणगापूर. दोन दिवस घर तुझं."

असं ठरलं. लोक लग्न सात फेऱ्यांनी ठरवतात, आमचं हे दुसरं ठरणं मिरचीच्या ढिगाशेजारी झालं. मला त्या दिवशी त्यांची इतकी माया आली की उठून गळ्यात पडावंसं वाटलं. पण हाताला तिखट होतं, आणि तेवढ्यात ते हात धुवायला गेले. तेव्हाच पडायला हवं होतं.

हणमंत तारिहाळच्या एका कारखान्यात फिटर होता, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. सुट्टीच्या दिवशी आमचा डंक दुरुस्त करायचा. "अक्का, बेल्ट सांधू की नवा घालू?" एवढंच त्याचं बोलणं. पहिल्या एक-दोन पौर्णिमांना मी नुसती भांडी घासली. मग एका पौर्णिमेला त्याला म्हटलं, बेल्ट राहू दे, चहा घे. त्यानं कप हातात धरून विचारलं, "मालकांना ठाऊक आहे?" मी म्हटलं, त्यांना ठाऊक आहे की कुणीतरी आहे, तू आहेस हे नाही. तो म्हणाला, "मग माझं तोंड मी त्यांना कसं दाखवू?" पण राहिला. त्या दिवसापासून त्याचं 'अक्का' बंद झालं, आणि दुसरं काय म्हणायचं ते त्याला आजतागायत सापडलेलं नाही. मला हाक मारायची असली की खोकतो. शेजाऱ्यांना वाटतं, त्याला मिरचीचा त्रास आहे.

मी सुखात होते. हे मी अंगठा लावून सांगते. लाजून काय करू, आता लाजायला गाल कुठं राहिलेत.

तुझे वडील तिसऱ्या दिवशी यायचे. कपाळाला अंगारा, हातात खडीसाखर. चप्पल काढताना विचारायचे, "सगळं नीट झालं ना?" जसं पाहुणे जेवून गेले का विचारावं तसं. मी म्हणायची, "हो." तेवढंच. मला वाटायचं, त्यांना देव मिळाला आणि मला माणूस, दोघांचं भागलं. गल्लीतली माणसं त्यांच्या पाया पडायला लागली. कृष्णाबाई अंगारा गुडघ्याला चोळायची आणि सगळ्यांना सांगायची, माझा भाऊ साक्षात्कारी आहे. तुझ्या परीक्षेला पण तोच अंगारा मी तुझ्या कपाळाला लावला होता.

तू दिवसा घरी नसायचास, आधी कॉलेज, मग कारखाना. एका पौर्णिमेला वीज गेली म्हणून कारखान्यातून तुला लवकर सोडलं. तू घरी आलास. हणमंत न्हाऊन बसला होता, खांद्यावर तुझ्या वडिलांचा टॉवेल. तू चप्पल न काढताच परत फिरलास. वडील परत आल्यावर तू त्यांना कट्ट्यावर गाठलंस. मी आत पोळ्या लाटत होते, सगळं ऐकू येत होतं.

"अप्पा, तुम्ही देवाला जाता आणि मागं घरात..."

"जेवलास का?"

"अप्पा, ऐका तरी. आई आणि तो माणूस..."

"विनू, जेवलास का विचारतोय मी. जा, आत जा, गरम पोळी खा."

तुला वाटलं, बाप भोळा आहे, आणि आईनं त्याला फसवलं. त्या दिवसापासून तू माझ्या हातचं वाढलेलं खातोस, पण माझ्याकडं बघून नाही. मी सांगू शकले असते. पण पोरांना कळू द्यायचं नाही हे त्यांचं मागणं होतं, आणि त्या माणसानं आयुष्यात माझ्याकडं दुसरं काही मागितलं नव्हतं.

दोन हजार दोनला ते गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर मी एकटीच गाणगापूरला गेले, म्हटलं त्यांची पौर्णिमा एकदा आपण करावी. ज्यांच्याकडं उतरतो म्हणून सांगायचे त्या नारायण पुजाऱ्यांचं घर विचारत विचारत काढलं. पुजारी म्हातारे, पण स्मरण तुझ्यापेक्षा चांगलं. म्हणाले, "हुबळीचे महेंद्रकर? एकदाच आले होते. रेल्वेवाले. पुन्हा नाही आले बाई."

परत येताना गदगला उतरले. तिथं त्यांचे चुलतभाऊ अप्पाजी राहतात. विचारलं, तर अप्पाजी खाली बघायला लागले. त्यांची बायको म्हणाली, "वैनी, भावोजी दर पौर्णिमेला इथंच यायचे. पुढच्या सोप्यावर, ओसरीत बसायचे. रेडिओ ऐकायचे. जाताना न्हाणीतल्या बंबाची राख चाळून पुडी बांधून न्यायचे. आम्हाला वाटायचं, भांडी घासायला." अप्पाजी म्हणाले, "मी एकदा विचारलं, रामू, घरात भांडण आहे का? तर म्हणाला, नाही रे, घरात पाहुणे असतात, जागा कमी पडते."

म्हणजे बघ. तुझ्या परीक्षेला बंबाची राख. कृष्णाबाईच्या गुडघ्याला बंबाची राख, आणि गुण आला. तिला हे सांगू नका. आता सगळ्यांसमोर वाचताय तर माझा इलाज नाही.

मी गदगच्या त्या सोप्यावर बसून आधी हसले. अप्पाजींची बायको घाबरली, इतकी हसले. मग हसू सरलं आणि उठवेना.

त्यांना देव नको होता रे. एकदा जाऊन बघितलं असेल, जमलं नसेल. नुसती माझ्यासाठी जागा करून देत होते आणि मला बरं वाटावं म्हणून कपाळाला राख लावून येत होते. मी एकदाही विचारलं नाही, आरती किती वाजता होते, नदीला पाणी किती आहे. विचारलं असतं तर त्यांना खोटं बोलता आलं नसतं. एका पौर्णिमेला ताप होता अंगात, तरी निघाले. मी डबा भरून दिला. "आज जाऊ नका" एवढे तीन शब्द होते. ते राहिले असते आणि आम्ही दोघांनी नुसता चहा घेतला असता, तरी मला ती पौर्णिमा पुरली असती. मला अंगाची भूक होती म्हणून मला वाईट वाटत नाही. त्यांना ती नव्हती म्हणूनही नाही. ज्या माणसानं मला सगळं दिलं त्याला मी तिसऱ्या दिवशी फक्त "हो" दिलं, याचं वाटतं.

आणि हणमंताचं ऐक. वडील गेल्यावर घर रिकामं होतं, अडवणारं कुणी नव्हतं. तरी मी त्याला बोलावलं नाही. जाणारा गेला तशी येणाऱ्याची वाटही गेली. का ते मला सांगता येत नाही, वकिलांनाही विचारलं, त्यांनाही नाही. हणमंतानं काही मागितलं नाही. कारखान्यातून निवृत्त झाला आणि गिरणीमागच्या खोलीत येऊन राहिला. डंकाला तेल घालतो, कुलूप लावतो, मला बघून खोकतो. आता एका डोळ्यानं दिसत नाही त्याला. एक माणूस माझ्यासाठी गदगच्या सोप्यावर बसला, एक गिरणीमागं बसलाय. पहिल्याला मी आत बोलावलं नाही. दुसऱ्याला तू बाहेर काढू नको.

वडील आपल्या मर्जीनं घर मोकळं करून जायचे, याला साक्ष अप्पाजींची. म्हणून त्यांना गदगहून मुद्दाम बोलावलं आहे. कोर्टात जायचं असेल तर जा, पण आधी त्यांच्याशी बोल.

कलम सहा. माझा पलंग मोडून जळण करावा. कुणाला देऊ नये.

वर लिहिलेलं मी नीट ऐकलं, ते माझंच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर मी डाव्या हाताचा अंगठा उमटवते.

अंगठा: इंदुमती रामचंद्र महेंद्रकर

साक्षीदार:
१. अप्पाजी महेंद्रकर, राहणार गदग (सही)
२. डॉ. उत्तरा देसाई, राहणार हुबळी (सही)

लिहून घेणार: प्रभंजन कट्टी, वकील, धारवाड

ठिकाण: हुबळी. तारीख: ११ फेब्रुवारी २००८.

(अंगठा झाल्यावर आजींनी आणखी एक कलम सांगितले. ते खाली लिहून, वाचून दाखवून, त्याखाली पुन्हा अंगठा व साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आहेत. प्र. कट्टी)

कलम सात. हा कागद मी जाईन त्याच दिवशी वाचायचा, तसं वकिलांना सांगितलं आहे. त्या दिवशी आपल्या घरी चूल पेटणार नाही. गल्लीतून पिठलं-भाताचे डबे येतील, सुतकाच्या घरी येतात तसे. हणमंताकडं कुणी पाठवणार नाही, कारण त्याचं काय गेलं ते कुणाला ठाऊक नाही. तर जो डबा पहिला येईल तो उघडू नको. तसाच घेऊन गिरणीवर जा, दुसऱ्या कुणाला पाठवू नको, विनायका, तू जा. कृष्णाबाई अडवेल, म्हणेल सुतकातलं अन्न दुसऱ्या घरी जात नाही. तिला सांग, तिथं पण सुतक आहे. पिठलं घट्ट असलं तर गरम पाणी घालून पातळ कर, भात मऊ बघून दे. कच्चा कांदा देऊ नको, त्याला आता चावत नाही.